मोहरी लावून शेतातलं कॅडमियम निघतं का?

तुमचा प्रश्न असा: दीड एकर काळी जमीन वर्षानुवर्षं शहराच्या नाल्यावर भिजली, तपासणीत कॅडमियम हा विषारी धातू जास्त निघाला. आता मोहरी लावून ते ओढून काढावं का? चुना टाकावा का?

मी माती परीक्षणाच्या कामात आहे, म्हणून मोहरीचा हिशेबच मांडतो. एका एकरातली वीतभर खोलीची माती साधारण हजार टन भरते. किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम जास्त असेल, तर एकरात ते १ किलो झालं. मोहरीचा ४ टन वाळला पाला निघाला आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम चढलं, तरी हंगामाला २० ग्रॅमच बाहेर पडतं. म्हणजे ५० हंगाम! शिवाय तो पाला जनावरांना चालत नाही, उकिरड्यात टाकला तर तेच विष खतातून परत रानात येतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठची भातखाचरं खाणीच्या कॅडमियमने नासली, माणसांची हाडं ठिसूळ झाली. तिथे खराब माती गाडून वर चांगल्या मातीचा थर द्यावा लागला. ते काम १९७९ ते २०१२ चाललं. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही.

चुन्याचा सल्ला कोकणातल्या आम्ल मातीसाठी ठीक. तुमच्या रानाचा सामू (pH, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) आठाच्या आसपास असेल, तर चुनखडी आधीच आहे. वरून चुना टाकलात तर लोह-जस्त पिकाला मिळेनासं होईल. आणि जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त उचलतं. म्हणून जस्ताची तपासणी करा, कमी असेल तर झिंक सल्फेट द्या. कुजलेलं शेणखत भरपूर घाला, पण ते नाल्याच्या चाऱ्यावरच्या जनावरांचं नको.

आधी नाल्याचं पाणी तोडा. ते चालू असेपर्यंत बाकी सगळं फुकट आहे.

पालक, मेथी, मुळा, गाजर या रानात नकोच. पानावरच्या धुळीतलं शिसं धुतल्यावर बरंचसं जातं, कॅडमियम मात्र पानाच्या आत असतं, कितीही धुवा. झेंडू, शेवंती, कापूस घ्या. भाजी करायचीच तर दुधी-टोमॅटोसारखी फळभाजी घ्या, तीही विकण्याआधी तपासून.

पुढचा नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नका, जस्ताचा आकडा चुकतो. प्लास्टिकची घ्या. आणि प्रयोगशाळेत एकूण कॅडमियमबरोबर पिकाला उपलब्ध होणारं किती, तेही मागा. पिकाची निवड त्या दुसऱ्या आकड्यावर करा.