इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, तेव्हाच जुना करार (बायबलचा पूर्वार्ध नव्हे, तर देवाने सीनाय पर्वतावर मोशेद्वारे इस्राएलाशी केलेला करार) संपला का?

नाही, तो मंदिर पडल्याने नव्हे, तर ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने संपला, असे बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) मानतात आणि खानदेशात, नवापूरच्या आमच्या बायबल अभ्यासवर्गातही बायबलमधील इब्री लोकांस पत्र ९:१५-१७ च्या आधारे हेच शिकवले जाते. मात्र इब्री ८:१३ जुना करार नाहीसा होण्याच्या बेतात आहे एवढेच म्हणते. म्हणून टायटसच्या रोमी सैन्याने मंदिर जाळले तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील येशूचे मंदिरनाशाचे भाकीत पुरे झाले असे मानणारे इ.स. ७० चा आग्रह धरतात, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायावरून इस्राएलाची वचने अजून बाकी आहेत म्हणणाऱ्यांचा वाद मुळात वेगळा आहे: ते देवाने इस्राएलाचा पूर्वज अब्राहाम याच्याशी केलेल्या कराराविषयी बोलतात, सीनायच्या नव्हे.