पिनियनला दात किती, सर्वो कोणते? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले जवळपास सगळेच प्रश्न ४५० साइजच्या रिमोटवाल्या हेलिकॉप्टरचे आहेत, म्हणजे ३२५ मिलिमीटर पात्यांचं, तीन सेलच्या लायपो बॅटरीवर उडणारं. पिनियन म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, सर्वो म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर पात्यांचा अन् शेपटीचा कोन बदलणारी छोटी मोटर. आकडे त्याच साइजचे देतोय, मोठ्या मशीनवाल्यांनी ते तसेच्या तसे उचलू नका.

प्रश्न: भाऊ, मी नागपूरला हिंगणा रोडवरच्या कॉलेजात मेकॅनिकलला आहे. सेकंडहँड ४५० घेतलं, फ्लायबारवालं (मुख्य पात्यांसोबत फिरणारी आडवी दांडी असलेलं). मोटर ३५०० केव्हीची, बॅटरी ३ सेल २२०० एमएएच, मेन गिअर १५० दातांचा अन् पिनियन १३ चा लागून आहे. उडते तर उडते पण आवाज इतका भयानक की हात थरथरतात, चार मिनिटात बॅटरी खल्लास अन् मोटरला हात लावला की चटका बसते. ओळखीचे एक जण म्हणतात मोटरच कमजोर आहे, जास्त केव्हीची टाक. टाकू का? अन् सर्वो पण बदलायचे आहेत, पैसे कमी आहेत.

उत्तर: मोटर बिलकुल बदलू नको. तुझ्या मोटरला ताकद कमी नाही पडून राहिली, तिच्याकडून उगाचच जास्त काम करून घेणं चालू आहे.

हिशोब सोपा आहे. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटरचे मिनिटाला किती फेरे. केव्ही गुणिले व्होल्ट, म्हणजे ३५०० गुणिले ११.१, झाले ३८,८५०. याला पिनियनच्या दातांनी गुणायचं अन् मेन गिअरच्या दातांनी भागायचं. १३ अन् १५० ने येतात ३३६७. पण हे कागदावरचे झाले, पात्यांचा लोड आल्यावर मोटर, ईएससी (मोटरचा स्पीड सांभाळणारं सर्किट) अन् बॅटरी मिळून साधारण १५ टक्के खातात, म्हणून ०.८५ ने गुण. २८६० च्या आसपास हेडस्पीड, म्हणजे मुख्य रोटरचा आरपीएम, आला. आणि हा ११.१ व्होल्टला, फुल चार्ज बॅटरी १२.६ ची असते त्यामुळे आरपीएम एकसारखा ठेवणारा गव्हर्नर लावला नसेल तर पहिल्या मिनिटात त्याहून वरच. हा स्पीड लूप, फ्लिप मारणाऱ्यांचा आहे, तू आता होव्हर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, शिकून राहिला.

शिकायला, हळूहळू चक्कर मारायला २२०० ते २३०० पुरे. तेवढ्यातही पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या जवळ जाते, त्यामुळे कमी आहे असं समजून जवळ उभा राहू नको. पाती नुसती हवेतून फिरवत ठेवायला जी ताकद लागते ती आरपीएमच्या घनाने वाढते. २२५० वरून २८६० म्हणजे सव्वापटीच्या थोडं वर, त्याचा घन केला तर दुप्पट. तुझी बॅटरी अन् मोटरची गरमी तिथं जाते. यात अजून जास्त केव्हीची मोटर टाकली तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

पिनियन १२ चा घे. फुल थ्रॉटलला २६४० येते, थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या कोणत्या जागी मोटरला किती थ्रॉटल ते) सपाट ८५ टक्क्यांवर ठेवली की २२५० च्या आसपास. ११ का नाही म्हणशील, तर ११ ने फुल थ्रॉटललाच २४२० येते, म्हणजे वारा आला, पिच (पात्यांचा कोन) जोरात दिली की वरती काही शिल्लकच नाही. आणि उलट १३ तसाच ठेवून थ्रॉटल ८० च्या खाली आणायची आयडिया पण चांगली नाही, ईएससी अर्धवट थ्रॉटलला जास्त तापतो. पिनियन असा निवडायचा की रोजचं उडणं ८० ते ९० टक्क्यांमध्ये बसलं पाहिजे. सहा मिनिटं आरामात मिळायला पाहिजेत मग, टायमर पाचवर लाव. आणि १३ चा फेकू नको, वर्षभराने लागेल.

विकत घेताना मॉड्यूल, म्हणजे दातांचं माप, बघ. या साइजला बहुतेक ०.५ मॉड्यूल असतो पण दुकानदार ०.६ चा पण हातात देऊ शकतो, दिसायला फरक कळत नाही अन् दोन फ्लाइटमध्ये मेन गिअर खाऊन टाकतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर असेलच, मेन गिअरचा बाहेरचा व्यास मोज. १५० मध्ये २ मिळव, १५२ ला ०.५ ने गुण, ७६ मिलिमीटर यायला पाहिजे. तेवढा आला तर ०.५ पक्का. पिनियनचं भोक ३.१७ मिलिमीटरचं लागते.

बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू कसायचे अन् गिअर फिरवत कागद बाहेर काढायचा. कागदावर दातांच्या घड्या सारख्या उमटल्या पाहिजेत, कुठं फाटला तर जास्त घट्ट आहे. मेन गिअर पूर्ण गोल कधीच नसतो, एखादी जागा टाइट येतेच, ती जागा पिनियनसमोर आणून मग सेटिंग कर. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर आला पाहिजे आणि निळं लॉकटाइट लावायला विसरू नको.

आता सर्वो. पैसे कमी आहेत तर ते कुठं घालायचे हे आधी ठरव, अन् माझं उत्तर आहे टेल सर्वो. स्वॅशप्लेटचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीचे) तीन सर्वो फ्लायबारवाल्या मशीनला मध्यम दर्जाचे चालतात, कारण पाती वळवायचं बरंच काम फ्लायबार करते. १० ते १३ ग्रॅमचे, पावणेदोन ते सव्वादोन किलो-सेंटिमीटर टॉर्कचे, ६० अंश फिरायला ०.१२ सेकंद किंवा कमी, एवढं पुष्कळ. हायटेकचा एचएस-६५ या कामाला वर्षानुवर्षं लोकं वापरतात. अट एकच, तिघंही एकाच मॉडेलचे पाहिजेत. १२० डिग्रीच्या स्वॅशमध्ये पिच देताना तिघं एकदम हलतात, त्यातला एक जरी सुस्त असला तर प्रत्येक वेळी पिच दिली की हेलिकॉप्टर एका बाजूला झुकल्याशिवाय राहत नाही, अन् मग माणूस ट्रिम करत बसतो. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात प्रोजेक्टसाठी तो निळा एसजी-९० मिळतो ना, तो इथं चालत नाही. वजन, टॉर्क कागदावर बरोबर दिसतात, पण त्याचा डेडबँड (सिग्नल एवढा बदलेपर्यंत सर्वो हलतच नाही) १० मायक्रोसेकंदाचा अन् सेंटरला परत येताना रोज वेगळ्या जागी थांबतो. रोबोटच्या हाताला ठीक आहे.

टेलला डिजिटल सर्वोच घे, ०.०६ सेकंद किंवा त्याहून वेगवान. शेपूट स्थिर ठेवणारा जायरो तिची चूक सेकंदाला शेकडो वेळा मोजतो, सर्वो सुस्त असेल तर तो सुधारेपर्यंत शेपूट निघून गेलेली असते. पण जोडायच्या आधी जायरोची सेटिंग बघायची, हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होतो. साध्या अॅनालॉग सर्वोला सेकंदाला ५० सिग्नल लागतात, डिजिटल टेल सर्वो ३३३ पर्यंत घेतात. जायरो ३३३ वर ठेवून अॅनालॉग लावला तर तो गरम होतो अन् जळतो. तसंच फुटाबाचे एस९२५१, एस९२५६ सारखे काही सर्वो ७६० मायक्रोसेकंदाच्या पल्सचे आहेत, बाकी बहुतेक १५२० चे. ७६० वाल्याला १५२० दिला की तो एका टोकाला जाऊन अडकतो अन् तिथंच जीव सोडतो.

अजून एक. ईएससीमधला बीईसी (सर्वोंना कमी व्होल्ट देणारा भाग) लिनियर असेल तर तीन सेलवर चार सर्वो त्यावर टांगू नको. ११.१ मधून ५ व्होल्ट काढायचे म्हणजे उरलेल्या ६ व्होल्टची गरमीच होते, २ अँपियर ओढले तरी १२ वॅट. मे महिन्यात तर विचारूच नको. ३ ते ५ अँपियरचा वेगळा स्विचिंग बीईसी लाव.

प्रश्न: माझा मुलगा दहावीला आहे, सुट्टीत हेलिकॉप्टर उडवतो. शेपूट सारखी हलत राहते. तो म्हणतो नवीन टेल सर्वो घेऊन दे. खरंच लागतो का, की हट्ट आहे? (एक आई, धरमपेठ)

उत्तर: ताई, थोडा हट्ट अन् थोडं खरं असू शकते. खर्चाच्या आधी त्याला हे करायला सांगा. टेल सर्वोची लिंक काढायची, हेलिकॉप्टर हातात घेऊन शेपूट खाली करायची, टेलचा स्लायडर अन् रॉड आपल्या वजनानेच घसरला पाहिजे. अडकत असेल तर रॉडचे गाइड वाकडे आहेत किंवा बॉल लिंक घट्ट आहेत, अन् अशा मशीनला कितीही महागाचा सर्वो लावा, शेपूट हलणारच. ते मोकळं असेल तर जायरोचा गेन (जायरो किती जोराने सुधारतो ते) बघायचा. भरभर, एकसारखी थरथर असेल तर गेन जास्त आहे, दोन-दोन टक्क्यांनी कमी करत जायचं. हळूहळू एकीकडेच वाहत जात असेल तर ते गेनचं काम नाही, जायरो चिकटवलेली टेप किंवा बेल्टचं टेन्शन तपासा. आणि फक्त पिच जोरात दिल्यावर शेपूट झटका मारते का हेही विचारा, तसं असेल तर रोटरचा स्पीड पडतो आहे, म्हणजे मामला गिअरिंगचा किंवा जुन्या बॅटरीचा. हे सगळं करूनही हलली तर मग पोराचं ऐका.

बेल्टवाल्या शेपटीला आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात स्टॅटिक पण जमा होते, त्याने जायरो मध्येच बावचळतो. बूमपासून (शेपटीच्या नळीपासून) मोटरच्या बॉडीला एक बारीक वायर जोडली की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

प्रश्न: मानेवाड्याहून लिहितो, रिटायर माणूस आहे. जानेवारीत जे हेलिकॉप्टर मस्त उडत होते तेच मे महिन्यात जड वाटते. १२ चा पिनियन आहे, उन्हाळ्यापुरता १३ टाकू का?

उत्तर: नका टाकू काका. जड वाटते हे मात्र खरं आहे, भ्रम नाही. जानेवारीची १२ अंशाची सकाळ अन् मे महिन्याची ४२ अंशाची संध्याकाळ यात हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. रोटरची उचल घनतेच्या प्रमाणात अन् आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, म्हणजे १० टक्क्यांची भरपाई ५ टक्के आरपीएमने होते. एक दात म्हणजे ८ टक्क्यांच्या वर, गरजेपेक्षा जास्त. थ्रॉटल कर्व्ह ८५ ची ९० करा, काम झालं, स्क्रूड्रायव्हर पण हातात घ्यावा लागत नाही.

आणि उन्हाळ्यात मोटरला थंड व्हायला हवाच मिळत नाही हे लक्षात ठेवा. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिलं आहे, त्या हवेत मोटर सुरुवातच तिथून करते. साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशापुढं कायमचे कमजोर व्हायला लागतात. उतरल्यावर मोटरवर बोट पाच सेकंद ठेवता आलं पाहिजे, नाही आलं तर फ्लाइट एक मिनिट कमी करा. लायपो बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवून चहाला जायचं नाही, अन् आठवडाभर उडवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून घरातल्या थंड जागी ठेवायच्या.

प्रश्न: मेटल गिअरचा सर्वो घेऊ की प्लास्टिकचा? (उमरेड)

उत्तर: शिकताना स्वॅशवर मेटल. पडल्यावर प्लास्टिकचे दात आधी जातात. मेटलमध्ये काही महिन्यांनी किंचित ढिलेपणा येतो, आर्म बोटाने हलवला की कळतो, तो स्वॅशवर खपून जातो पण टेलवर नाही. प्लास्टिक पडल्यावर एक दात उडाला तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक क्रॅशनंतर आर्म हळूहळू पूर्ण फिरवून बघायचा, मध्ये कुठं कट् लागला तर गिअर सेट बदला, पूर्ण सर्वो नाही.

प्रश्न: शहरात कुठं उडवता येईल? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: तुमच्या भागात तर मुळीच नाही, सोनेगाव विमानतळ शेजारीच आहे. ४५० चं वजन २५० ग्रॅमच्या वर जाते, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये ते मायक्रो गटात येते. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर जागा टाकून बघायची, रेड झोनमध्ये विषय संपला, यलोमध्ये परवानगी लागते. काटोल किंवा उमरेडकडे शहराच्या पुष्कळ बाहेर, ओळखीच्या शेतात, पीक निघाल्यावर, अन् तेही नकाशा बघूनच. काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये जाते, खाली जुनी ताडपत्री टाका.

प्रश्न: माझ्याकडे रेसिंग ड्रोनच्या चार मोटरी पडून आहेत, २३०० केव्हीच्या. त्यातली एक ४५० ला लावली तर मोटरचे पैसे वाचतील का? (कॉटन मार्केट)

उत्तर: नाही वाचणार भाऊ. तीन सेल अन् १२ च्या पिनियनवर २३०० केव्हीने फुल थ्रॉटलला साडेसतराशेच्या आत हेडस्पीड येतो, उडणं ढिलं ढिलं होईल. १६ चा पिनियन शोधावा लागेल, तो फ्रेममध्ये बसेलच असं नाही, आणि त्या मोटरचा शाफ्ट ५ मिलिमीटर आट्यांचा असतो, ३.१७ चा पिनियन त्यावर चढतच नाही. वरून त्या मोटरी प्रोपेलरच्या हवेने थंड होतात, फ्रेमच्या आत ती हवा कुठून आणणार? चारही विकून टाका अन् त्यात एक बरा टेल सर्वो घ्या.