वाघ्याच्या कोपरावरची गाठ

प्रश्न : आमच्या मुधोळ कुत्र्याच्या, वाघ्याच्या, कोपरावर लिंबाएवढी मऊ गाठ आलीय. दुखत नाही. शेजारी म्हणतात, सुईनं पाणी काढा. काढू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : सुई अजिबात लावू नका! पाणी पुन्हा भरतं, वर जंतू शिरले की पू होतो. मुधोळ म्हणजे हाडंच हाडं. शहाबादी फरशीवर धपकन बसताना कोपर आपटतं, कातडीखाली पाणी साठतं. म्हणून इलाज फरशीचा करायचा. जाड गादी टाका, नुसतं पोतं चालणार नाही. (खानापूरच्या पावसात ती ओली राहते, वाळवत चला.) गारव्यासाठी तो फरशीवर जाणारच, तिथंही गादी सरकवा. गाठ उतरायला आठवडे लागतात. ती पाण्याचीच आहे ना, एवढं जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. गरम लागली, दुखली किंवा फुटली तर त्याच दिवशी न्या.