सोलापुरात मुलांचा चित्रपट महोत्सव पहिल्यांदाच भरवतोयस ना?

आधी तारीख बघ. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे सोडून पोरं तुझ्याकडे फिरकणार नाहीत. एप्रिलात पत्र्याखाली कुणी टिकत नाही.

पेनड्राइव्हवर कुणी दिलेलं लावू नकोस, परवानगी घे. मुलांचे चित्रपट काढणारी १९५५ ची सरकारी बालचित्र समिती २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली, तिच्या चित्रपटांसाठी पत्र तिकडेच.

सबटायटलवर तर विसंबूच नकोस. शहराच्या पूर्व भागातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, आणि सात वर्षांचं पोर अक्षर लावेपर्यंत प्रसंग निघून जातो. कमी संवादांच्या छोट्या फिल्म निवड.

अंधारासाठी आम्ही खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. (सोलापुरीच, दुसऱ्या कुठल्या!) ऐन शेवटाला एक सुटली, पडद्यावर लख्ख ऊन. सुतळी दुहेरी बांध.