मुलाला कडू अँटिबायोटिक ज्यूसमधून दिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की साडेतीन वर्षांचा मुलगा अ‍ॅझिथ्रोमायसिनचं पातळ औषध थुंकून टाकतो आणि शेजारच्या काकू म्हणतात, संत्र्याच्या ज्यूसमध्ये मिसळून द्या, कळणारही नाही. ज्यूस नको. हे ठामपणे सांगतोय, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय. तेव्हा माझी नोकरीच औषधांचा कडूपणा झाकण्याची होती, हे आणखी लाजिरवाणं.

महापे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी फॉर्म्युलेशनचं काम करायचो. नवीन सिरपची चव बघायची तेव्हा आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती उभे राहायचो. घोटभर तोंडात घ्यायचं, घड्याळाकडे बघत ३० सेकंद थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि कागदावर आकडा लिहायचा. अशा दिवशी दुपारचा डबा वाया जायचा. भेंडीच्या भाजीलासुद्धा कारल्याची चव.

तिथे पहिल्याच आठवड्यात कळतं की साखर हा यावरचा पूर्ण उपाय नाही. गोड ओळखायला जिभेवर मुख्यतः एकच जातीचा रिसेप्टर, म्हणजे चव टिपणारा रेणू आहे, कडू ओळखायला सुमारे २५. शिवाय गोड लगेच येतं, लगेच जातं. कडू मागून येतं आणि बस्तान मांडून बसतं. पण जिभेला चव कळते ती लाळेत विरघळलेल्या पदार्थाचीच. कण विरघळलाच नाही तर तो कितीही कडूजहर असो, जिभेला पत्ता लागत नाही. म्हणजे औषध तोंडात विरघळू द्यायचं नाही आणि पोटात मात्र विरघळवायचं, सगळी कसरत ती.

त्यासाठी लाळ आणि जठर यांच्यातल्या फरकाचा फायदा घेतात. लाळेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ६.५ ते ७, जठर मात्र आंबट. त्यामुळे काही औषधांच्या कणांवर पीएच ५ च्या खाली गेल्यावरच विरघळणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, पापुद्रा चढवतात. काही औषधांचा रेणूच बदलतात. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल गोळीत भयंकर कडू असतं, पण मुलांच्या पातळ औषधात त्याचं बेंझोएट नावाचं बदललेलं रूप वापरतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे फारसं कडू लागत नाही. शरीरात गेल्यावर त्याचं पुन्हा मूळ औषध होतं. मला विचाराल तर यातली सगळ्यात देखणी युक्ती हीच.

आता तुमचं अ‍ॅझिथ्रोमायसिन. ते अल्कलीत फारसं विरघळत नाही, आम्लात छान विरघळतं. म्हणून ड्राय सिरपच्या (घरी पाणी घालून तयार करायच्या औषधाच्या) पावडरीत ते अल्कलीधर्मी ठेवणारे क्षार घालतात. त्यात संत्र्याचा आंबट रस ओतला की ती सगळी व्यवस्था आपण आपल्या हाताने मोडतो आणि दडवलेला कडूपणा मोकळा सुटतो. आम्ही ऐरोलीला राहायचो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. घाईत मी हेच केलं. पहिला घोट तिने घेतला, दुसरा थेट पडद्यावर. बायको एवढंच म्हणाली, “दिवसभर हेच काम करतोस ना रे तू?”

मग करायचं काय? औषध देण्याआधी बर्फाचा तुकडा किंवा पेप्सीकोला चोखायला द्या, गार जिभेला चव कमी कळते. सुई नसलेल्या सिरिंजने औषध जिभेच्या मध्यावर न सोडता गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. लगेच मागून चमचाभर चॉकलेट सिरप किंवा तुपातला शिरा. नाक दाबून, रडत असताना ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि काहीही झालं तरी ‘हे चॉकलेट आहे’ म्हणू नका, नाहीतर एक दिवस तो स्वतःच बाटली शोधून काढेल.

मिठाकडेही लक्ष असू द्या. मीठ कडू चव दाबतं, हे १९९७ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलं. पाडव्याला कडुनिंबाच्या पाल्यात गुळाबरोबर चिमूटभर मीठ घालताना आजीने पीएच मोजला नव्हता, पण तिला हे ठाऊक होतं. औषधात मीठ घालू नका हं. मागून खारं बिस्कीट दिलंत तरी पुरे.

दुधाच्या पूर्ण ग्लासात औषध ढवळणं तर मला अजिबात पटत नाही. अर्धा ग्लास उरला तर डोस किती गेला हे कुणालाच कळत नाही, आणि पोरगं दुधावरच रुसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं तर दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी कमी लागतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. घरात कुणाची गोळी कुटून द्यायची वेळ आलीच तर आधी केमिस्टला विचारा. काही गोळ्यांचं आवरण चवीसाठी नसतं, औषध कुठे आणि किती वेगाने सुटायचं ते त्यावर ठरतं.

एवढं करूनही थुंकतच असेल तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या कंपनीचं सिरप घ्या. औषध तेच असलं तरी चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर मनाने पुन्हा डोस देऊ नका, आधी फोन करा. आणि बाटली नीट हलवा. नाहीतर तळाशी बसलेलं औषध शेवटच्या दिवशी एकदम जातं, आणि सगळ्यात कडू घोटही तोच असतो.