विजेच्या उपचाराआधी दाव्याची मुदत पाहा

नागपूरच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. बुटीबोरीच्या कारखान्यातून परतताना वर्धा रोडवर ट्रकने धडक दिल्याने त्यांच्या ३८ वर्षांच्या यजमानांच्या मेंदूला जबर मार लागला, त्याला आता पाच महिने होतील. डोळे उघडे असतात, पण नजर कशावर ठरत नाही. डोक्याला आणि मनगटातील नसेला सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या ६० बैठकांसाठी एका खासगी केंद्राने ६ लाख रुपये सांगितले आहेत. १४ लाखांच्या ठेवीतून ते द्यावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की अपघाताचा दावा अजून दाखल केलेला नाही, कारण दीर म्हणतात, ‘दादा शुद्धीवर आला की त्याचाच जबाब होऊ द्या.’ पैशाच्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार मोटार अपघात दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलेले आहे हे खरे, पण त्या भरवशावर कोणी बसून राहू नये. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने पत्नीला अर्ज करता येतो.

हिशेब ढोबळ मांडतो. यजमानांचा पगार ४० हजार, म्हणजे वर्षाला ४.८ लाख; चाळिशीच्या आतील कायम नोकरीसाठी भावी वाढीचे ५० टक्के धरले की ७.२ लाख, आणि या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा ठरलेला आकडा, १५. अपंगत्व १०० टक्के धरले गेले, तर केवळ उत्पन्नाच्या नुकसानीचा दावा १ कोटी ८ लाखांचा होतो. सेवकाचा खर्चही गुणकाने मोजण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केली आहे, आणि पुढील उपचारांचा खर्च वेगळा मागता येतो. यातले काही कापले जाईल, पण ट्रकचा विमा असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची आहे. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात अपघाताचे दावे चालवणारा वकील याच आठवड्यात गाठा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. यजमानांच्या खात्यावर सह्या करण्याचा अधिकार हवा असेल, तर पालक म्हणून नेमणुकीसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागेल. एटीएमचा पिन माहीत असणे म्हणजे अधिकार नव्हे.

निकालाला काही वर्षे लागू शकतात, तोवर ठेवच पुरवायची आहे. घरखर्च २० हजार, दोन पाळ्यांचे सेवक आणि इतर शुश्रूषा ३५ हजार, तुमचा पगार २८ हजार. म्हणजे महिन्याला २७ हजारांची तूट. व्याज बाजूला ठेवले तरी १४ लाख चार वर्षांहून थोडे अधिक पुरतात, ८ लाख मात्र जेमतेम अडीच वर्षे.

आणि अशा घराला बँकेतल्या अधिकाऱ्याने वर्षाला ३ लाख हप्त्याची, दहा वर्षांची ‘हमी’ची विमा योजना विकली, असेही तुम्ही लिहिता! तुमचा वर्षाचा पगार ३.३६ लाख आहे. पुढचा हप्ता तो अधिकारी भरणार आहे काय? पॉलिसी हातात पडून तीन आठवडे झाले आहेत, आणि ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. उद्याच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. किरकोळ कपात सोडता पैसे परत येतील.

आता विजेचा उपचार. आशेला आधार अगदीच नाही असे नाही. सहा वर्षे अत्यल्प जाणिवेच्या अवस्थेत असलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवल्यावर तो बोलू-खाऊ लागल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ती शस्त्रक्रिया होती आणि रुग्ण एकच होता. डोक्यावरून २ मिलिअँपिअर प्रवाह २० मिनिटे देण्याच्या बेल्जियममधील २०१४ च्या चाचणीत अत्यल्प जाणीव असलेल्या काही रुग्णांत सुधारणा दिसली, तीही तात्पुरती. जाणिवेची काहीच खूण न दाखवणाऱ्या गटात फरक पडला नाही. तुमच्या यजमानांची अवस्था यांपैकी कोणती, हे केंद्राने तपासलेले तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. याउलट अमँटाडीन या जुन्या औषधाची २०१२ मध्ये १८४ रुग्णांवर चाचणी झाली आणि ते घेणाऱ्यांची प्रगती अधिक वेगाने झाली. मात्र ते रुग्ण दुखापतीनंतर ४ ते १६ आठवड्यांच्या टप्प्यातले होते. ते औषध दिले गेले होते का, आता द्यावे का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

तेव्हा ६ लाख एकरकमी मुळीच देऊ नका. केंद्राशी संबंध नसलेल्या न्यूरॉलॉजिस्टकडून कोमा रिकव्हरी स्केलवर, म्हणजे जाणिवेची पातळी मोजणाऱ्या तपासणीत, आधी नोंद करून घ्या. त्यांना उपचार योग्य वाटला, तर दर बैठकीच्या १० हजारांप्रमाणे दहा बैठकांचे १ लाख पॉलिसीच्या परत आलेल्या पैशांतून द्या, आणि त्याच डॉक्टरांनी केलेल्या दुसऱ्या नोंदीत फरक दिसला तरच पुढचे बोला. केंद्र पूर्ण रकमेवर अडून बसले, तर तिथून उठून या.