आगरातलं थोडं काम बाबांना परत द्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आई गेल्यापासून गुहागरला बाबा पडवीतल्या झोपाळ्यावरून उठत नाहीत, ताटात अर्धं टाकतात, रात्री छाती धडधडते म्हणून उठून बसतात. तुम्ही मेलबर्नहून होईल ती सोय केलीत: पोफळीच्या आगराला ठिबक, स्वयंपाकाला बाई, बाजार आणायला मुलगा. त्यामागची माया कळते. पण या सोयींबरोबर बाबांचं हिंडणंफिरणंही गेलं, असं मला वाटतं.

उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की उठेन. पुष्कळदा घडतं उलटं. आधी पाय हलतात, मन मागून येतं. बसून राहिलं की चार माणसं भेटत नाहीत, हातून काही पार पडत नाही, आणि मन आणखी खचतं. म्हणून मानसोपचारात इच्छा होण्याची वाट न बघता, ठरल्या वेळी एखादं छोटं काम करायला लावतात. धडधडीचं आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. हृदय, रक्तदाब, गुडघे, सगळंच. ती काळजीपोटीच असेल, तर चालणं तिथेही कामाला येतं. चढावर छाती धडधडते, थांबलं की निवते. हे रोज अनुभवलं की धडधडीची भीती ओसरते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. हा आकडा बाबांना ऐकवू नका. सकाळची दहा मिनिटं पुरेत. चार पोफळी ठिबकमधून सोडवा, त्यांचं शिपणं बाबांकडे. मग फुलं काढून व्याडेश्वराच्या देवळापर्यंत. पावसात पडवीतच फेऱ्या. पाखाडीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर अजिबात नको.

तुमच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी तिकडे सकाळ असते. तेव्हा फोन करा, पण ‘चाललात का?’ म्हणून हजेरी घेऊ नका. ‘बाबा, पोफळी दाखवा ना,’ म्हणा.

गोळ्या चालू असतील तर चालण्याच्या भरवशावर बंद करू नयेत. जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले, तर त्याच दिवशी शेजाऱ्यांना जवळ बसवा आणि डॉक्टर गाठा. भारतातून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि कुठल्या चार पोफळी, ते मात्र बाबांनाच विचारा.